‘सिव्हिलवाला असला की झालं’ म्हणणाऱ्यांना

पदवीचे निकाल लागले की सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. सार असं: लोकप्रशासन किंवा नगरनियोजनात पदव्युत्तर शिक्षण म्हणजे दोन वर्षं पाण्यात. शहर अनुभवावर चालतं, पदवीवर नाही. प्लॅनिंग हे सिव्हिलवाल्यांचं, म्हणजे स्थापत्य अभियंत्यांचं काम. नोकऱ्या असतात त्या पुण्या-मुंबईत. आणि साहेबच व्हायचं तर सरळ एमपीएससी द्या. यातलं एक विधान अर्धं खरं आहे, त्याकडे येतोच.

आधी अनुभवाचं. तो लागतोच, वाद नाही. पण विकास आराखड्यात एखाद्या जागेवर शाळेच्या मैदानाचं आरक्षण पडतं, पुढे काय होतं? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण संपलं, जागा मालकाला मोकळी. २०१५ च्या दुरुस्तीआधी तर ही मुदत १२ महिन्यांचीच होती. दर वेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही. फाइल नगररचनेकडून भूसंपादनाकडे जाते, तिथून लेखा विभागाकडे. बजेटात तरतूद नसते आणि तारीख उलटते. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देऊन रोख पैसे न मोजता जागा मिळवता आली असती, हे वेळेत कुणाला सुचत नाही. ही तारीख अनुभवानेही कळते, पण चुकल्यावर.

आता सिव्हिलवाल्यांचं. उजनी धरणाची साठवण ११७ टीएमसीच्या घरात, तरी सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरलंय. पाइप कसा टाकायचा ते अभियंत्याला उत्तम येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहरासाठी टाकळीला पाणी उचलायचं, त्यासाठी भीमेवरचा औज बंधारा भरायचा म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडलं की वाटेत किती मुरतं, किती उडून जातं, काठावरच्या मोटारी किती उचलतात? पंपांचं वीजबिल पाणीपट्टीतून निघतं का? पट्टी वाढवायची तर विडी कामगाराच्या घराला किती आणि हॉटेलला किती? ही आकडेमोड अर्थशास्त्राची आहे, कायद्याची आहे आणि थोडी राजकारणाचीही.

शिवाय हद्दवाढ. १९९२ साली शहर सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ वर गेलं, म्हणजे कागदावर एका झटक्यात पाचपट. जागेवर मात्र गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट आधी विकले गेले; रस्ता आणि ड्रेनेज मागाहून, कुठे कुठे अजून यायचेच आहेत. शेळगी-मजरेवाडीकडे राहणाऱ्याला याचा पुरावा द्यावा लागत नाही. शहर कुठल्या बाजूला, कुठल्या क्रमाने वाढू द्यायचं हा नियोजनाचा मूळ विषय, आणि सिव्हिलच्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला जेमतेम एखादा पेपर येतो. म्हणून तर अनेक नामवंत संस्था एम.प्लॅनला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एमए केलेल्यांनाही घेतात.

‘लोकप्रशासन म्हणजे नुसतं पाठांतर’ अशी एक पुरवणीही त्या मजकुराला असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिले, त्यात पहिलाच नगरनियोजनाचा. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, तेव्हा त्या कामांसाठी वेगळी कंपनी उभी राहिली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेत, प्रशासक. मग महासभेचा अधिकार कुठला, कंपनीचा कुठला, आयुक्ताचा कुठला? दारातला रस्ता खोदून ठेवल्यावर दाद कुणाकडे मागायची, हे याच उत्तरावर ठरतं.

नोकऱ्यांचं विधान अर्धं खरं. खासगी सल्लागार कंपन्या मोठ्या शहरांत आहेत, नाकारून उपयोग नाही. सहायक नगररचनाकाराच्या भरतीत स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदवी चालते आणि नुसतं लोकप्रशासनाचं एमए चालत नाही, हेही खरं. मात्र नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालाने नेमकं याच रीतीवर बोट ठेवलं: राज्यांच्या नगररचना विभागांत नियोजकांची मंजूर पदं ३,९४५, त्यातली ४२ टक्के रिकामी, गरज १२ हजारांहून जास्त. आणि काम काय फक्त पुण्यात आहे? लाखभर वस्तीच्या पंढरपुरात आषाढीला लाखोंनी वारकरी उतरतात; त्यांचं पाणी, शौचालयं, वाटा, घाटावरची गर्दी याहून अवघड नियोजन कुठलं दाखवा.

एमपीएससीबद्दल फार बोलायला नको. दोन्ही करता येतं. लोकप्रशासनाचं एमए इग्नूतून घरी राहून होतं, आणि यूपीएससीला तो वैकल्पिक विषय आहेच. शिवाय एमपीएससीतून नगरपरिषदेचा मुख्याधिकारी झालेल्याच्या टेबलावर आराखडा, आरक्षणं आणि बजेट येतंच, मग तो ते शिकलेला असो वा नसो.

त्या मजकुराला इशाराच द्यायचा होता तर फीचा द्यायला हवा होता. खासगी संस्थांत नियोजनाचं शिक्षण महाग पडतं. कर्ज काढण्याआधी अभ्यासक्रमाला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, आयटीपीआय ही नियोजकांची संस्था ती पदवी धरते का, हे विचारून घ्या. ‘अर्बन प्लॅनिंग’ नावाची काही आठवड्यांची ऑनलाइन सर्टिफिकिटंही विकली जातात. त्यांच्या जोरावर नगररचनेच्या कुठल्याच भरतीचा अर्ज भरता येत नाही.