पाव टनाचा संसार

लष्करातून निवृत्त झालेला माणूस घरी आला की आठवडाभरात घरातल्यांना शिस्त लावायला घेतो. लष्करातून निवृत्त झालेला ट्रेलरही तेच करतो, हे मात्र तो दारात येऊन उभा राहीपर्यंत मला माहीत नव्हतं.

तसा तो दिसायला गरीब. दोन चाकं, मध्ये पत्र्याचा उघडा हौदा, पुढे एक लोखंडी कडी. गुडघाभर गवतात उभा होता आणि एका चाकाने जमिनीशी कायमचं नातं जोडलं होतं. विकणारा हौद्यावर थाप मारून म्हणाला, ‘‘लष्करी माल आहे साहेब, याला काही होत नाही.’’ त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. पुढच्या चौदा महिन्यांत त्याला काहीही झालं नाही. जे काही झालं ते मला झालं.

माझ्या डोळ्यांपुढे चित्र तयार होतं. हौद्यात सरकते कप्पे, वर झाकण, झाकणावर उघडमीट करणारा तंबू, बाजूला कापडाची ओसरी. रस्ता संपतो तिथून आमचा प्रवास सुरू. बायकोने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, आत डोकावली आणि विचारलं, ‘‘यात झोपायचंय की पुरायचंय?’’

असल्या वस्तूचा मान राखायचा तर आधी तिचा इतिहास सांगावा लागतो, म्हणून मी बायकोला तो सांगितला. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चपळ गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने दिवसरात्र खपून सप्टेंबरात नमुना हजर केला. तीच जीपची पहिली आवृत्ती. पण मोठी कंत्राटं द्यायची वेळ आली तेव्हा ती विलिस आणि फोर्ड या दोघांना मिळाली. बँटमच्या वाट्याला काय आलं? जीपच्या मागे ओढायचे ट्रेलर. आमचा ट्रेलर, लष्करी नाव एम-४१६, त्याच पाव टनी घराण्यातला पुढच्या पिढीचा, १९६० नंतरचा. ‘‘म्हणजे बाळ यांनी जन्माला घातलं आणि दप्तर उचलायलाही यांनाच ठेवलं,’’ बायको म्हणाली. इतिहासात तिला एवढा रस मी पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवसापासून तिने ट्रेलरला नाव ठेवलं ‘दप्तर’.

कामाला सुरुवात रंगापासून झाली. ग्राइंडर लावला तर हिरव्याखाली मातकट, मातकटाखाली पुन्हा हिरवा. प्रत्येक थराखाली नवी मोहीम. जुन्या लष्करी रंगांत शिसं असू शकतं, त्यानंतरच्या काहींत क्रोमियमची संयुगं असतात आणि यातल्या कशाचीच धूळ नाकात जाऊ द्यायची नसते, हे मला कधी कळलं? अर्धी बाजू घासून झाल्यावर. मग तोंडाला दोन डबड्यांचा मुखवटा, अंगावर पांढरा झगा, हातमोजे असा सगळा जामानिमा करून बसलो. शेजारच्या काकूंनी महिनाभर आमच्या अंगणाकडची खिडकी उघडली नाही.

रंग निघाल्यावर हौद्याच्या तळाला दोन गोल भोकं सापडली. त्यांत गंजून एकजीव झालेले लोखंडाचे बोळे होते. माझा मेहुणा वेल्डिंग करतो. म्हणजे नोकरी दुसरीच करतो, पण वेल्डिंगचं यंत्र घेतल्यापासून त्याला जगात सगळीकडे फटीच दिसतात. ‘‘दाजी, हे खाल्लंय सगळं गंजाने. थांबा, पक्कं करून टाकतो,’’ असं म्हणून त्याने दोन्ही भोकांवर पत्र्याचे गोल तुकडे ठेवले आणि चारी बाजूंनी असे जोडले, की पाहत राहावं. इतका सुबक सांधा मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्याचा फोटो मी बरेच दिवस लोकांना दाखवत होतो.

मग दिवे. लष्करी गाड्यांची वीज २४ व्होल्टची, माझ्या गाडीची १२ची. जुनेच दिवे जोडले तर निम्मा उजेड पडेल, असा माझा अंदाज. दिव्याचा हिशोब असा सरळ नसतो. दाब निम्मा केला की उजेड जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ब्रेक दाबला की मागे काजवा चमकल्यासारखं व्हायचं. त्यात एक दिवा मुळात शत्रूला दिसू नये म्हणूनच बनवलेला: डोळे मिचकावल्याएवढी फट, तीही आडोशाला. तपासणीच्या साहेबांनी तो वाकून पाहिला, मग आणखी वाकून पाहिला. म्हणाले, ‘‘हा लागलाय का?’’ म्हटलं, ‘‘लागलाय, पण तो दिसू नये अशीच रचना आहे.’’ साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती शत्रूचीच होती. सगळी वायर उपसून नवी टाकली, एलईडी दिवे लावले.

पुढच्या कडीबद्दल मात्र मी एक शब्द वाईट बोलणार नाही. गाडीच्या मागे जाडजूड आकडा, त्यात ही कडी अडकते आणि वरून जबडा मिटतो. गाडी एका अंगाला कलली, ट्रेलर दुसऱ्या अंगाला, तरी कडी आपली आकड्यात निवांत फिरते. खडकाळ वाटेला याहून गुणी सांधा नाही. फक्त ती आकड्यात सैल असते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ठण्ण. प्रत्येक ब्रेकला ठण्ण. चढावर ठण्ण, उतारावर ठण्ण-ठण्ण. पहिल्या तासाभरात आम्ही बोलणं सोडून दिलं आणि घरी आलो तेव्हा एकमेकांशी ओरडून बोलत होतो. शेजारच्यांचा त्यावरून झालेला गैरसमज अजून मिटलेला नाही.

हे सगळं मी हसत सोसलं. खरा छळ सुरू झाला तो वजनाच्या वहीपासून.

अमेरिकन पाव टन म्हणजे ५०० पौंड. म्हणजे २२७ किलो. आडरानात या ट्रेलरवर एवढंच लादायचं, असं ज्यांनी तो बनवला त्यांचं म्हणणं. मला २२७ हा आकडा अफाट वाटला. आम्ही दोघं, दोन दिवस, लागून लागून लागणार काय? बायकोने शंभर पानी वही घेतली, न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला आणि म्हणाली, ‘‘आण एकेक.’’

झाकणावरचा तंबू ५८ किलो. कप्पे आणि झाकण यांसाठी १८ मिलीमीटरचे प्लायवूडचे दोन तक्ते, ६४ किलो. बॅटरी शिशाची, २८. छोटा फ्रिज २२. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, टाकीचे पाच वेगळे. तिने खाली रेघ मारली. २३७. दहा किलो जास्त, आणि अजून एकही उशी चढली नव्हती.

त्या संध्याकाळी मला कळलं, की घरात आपण किती किलोंत राहतो याचा आपल्याला पत्ताच नसतो. खुर्ची ही बसायची वस्तू असते. काट्यावर ठेवली की ती साडेचार किलो होते, आणि दोन खुर्च्या म्हणजे नऊ लिटर पाणी. जॅक, पाने, दोर, फावडं ही सगळी मला जीवनावश्यक वाटणारी मंडळी २४ किलोंची निघाली. ‘‘फावडं कशाला?’’ म्हटलं, चाक रुतलं तर. ‘‘चाक कशाने रुततं?’’ म्हटलं, वजनाने. तिने फावड्यावर काट मारली. तर्कात चूक काढता येईना.

मग कपात सुरू झाली. शिशाची बॅटरी जाऊन लिथियमची आली, १२ किलोंची. १६ किलो वाचले आणि तिच्यापायी माझ्या खिशाचं वजनही बरंच उतरलं. जाड प्लायवूडचे केलेले कप्पे मोडून पातळ फळ्यांचे केले, २८ वाचले. मेहुणा प्रत्येक सांध्याला लोखंडी पट्टी मारायला टपलेला होता, त्याला दोन रविवार निरनिराळ्या बाजारांत पाठवून दिलं. आकडा १९३वर आला. उरलेल्या ३४ किलोंत बायकोचे कपडे, माझे कपडे, भांडी, अंथरूण आणि आमच्या सहजीवनाचे सगळे मतभेद बसवायचे होते. तिच्या दोन उशांवरून चार दिवस अबोला होता. शेवटी उश्या चढल्या आणि माझी दुर्बीण उतरली.

वजन नुसतं मोजून भागत नाही, ते ठेवायचं कुठे हाही प्रश्न असतो. ट्रेलरच्या एकूण वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या कडीवर यायला हवा. कमी आला तर वेग वाढताच ट्रेलर मागच्या मागे शेपटीसारखा डुलायला लागतो आणि मग कुत्र्याला शेपटी हलवते. पाणी चाकांच्या बरोबर वर ठेवायचं, आणि टाकी अर्धी भरलेली नको, कारण अर्धं पाणी वळणावर भरल्या पाण्यापेक्षा जास्त उड्या मारतं. कडीवरचा भार मोजायला पुन्हा तोच वजनकाटा. कडीखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली काटा, त्यापुढे मी पालथा पडून आकडा वाचतोय, असं दृश्य अंगणात आठवडाभर रोज दिसत होतं. काट्याने पुढे माणसांची वजनंही पाच-पाच किलो जास्त दाखवायला सुरुवात केली. निदान माझ्या बाबतीत तरी मी तसंच धरून चाललोय.

उलटं चालवण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगायला लाज वाटते. ट्रेलर मागे घेताना ज्या बाजूला न्यायचा तिच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवायचं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला की हे सोपं जातं. मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. हे मला पाठ होतं. पण आखूड ट्रेलरला दम नसतो. लांबलचक ट्रेलर विचार करून वळतो, हा लगेच चिडून गाडीच्या अंगाला भिडतो. बायको मागे उभी राहून हातवारे करायची. तिची डावी बाजू आरशात माझी उजवी व्हायची आणि ट्रेलर आम्हा दोघांना सोडून तिसरीकडेच जायचा. आता आम्ही कडी सोडतो, दोघं मिळून ट्रेलर हाताने ढकलत जागेवर नेतो आणि कुणी पाहत असेल तर ‘‘व्यायाम होतो’’ असं सांगतो.

अखेर मुहूर्त लागला. ठणठणाट करत आम्ही डांबरी रस्ता सोडला, स्प्रिंगच्या पाट्यांवर ट्रेलर छान झुलत होता, आणि संध्याकाळी माळावर एका झाडापासून बेताच्या अंतरावर मुक्काम केला. तंबू उघडला, तो पहिल्याच झटक्यात उघडला. कापडी ओसरी ताणली. तिच्या बाहेरच्या काठ्या नियमाने आखूड ठेवायच्या, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. पण तिथे माझं डोकं लागत होतं. मी बाहेरच्या काठ्या उंच केल्या. ओसरीला ट्रेलरच्या बाजूला सुरेख उतार आला. दिसायला ती तशीच जास्त देखणी दिसत होती, हे मी आजही म्हणेन.

रात्री पाऊस आला. आम्ही वर तंबूत, एक थेंब आत नाही. बायको म्हणाली, ‘‘छान झालंय हं दप्तर.’’ चौदा महिन्यांत पहिल्यांदा. त्या वाक्याच्या उबेत मी असा झोपलो, की खालून येणारा डुबुक-डुबुक आवाज मला झऱ्याचा वाटला.

सकाळी तंबूची शिडी उतरून झाकणाच्या बाजूची फळी वर केली. समोर आमच्या चपला तरंगत होत्या. त्यांच्यामागे प्लास्टिकचे वाडगे एका रांगेत, ताफा निघाल्यासारखे. ओसरीवर रात्रभर पडलेला पाऊस उताराने ट्रेलरकडे आला होता, आणि झाकणाच्या ज्या कडेला ‘‘पुढच्या वेळी रबर लावू’’ असं मी म्हणालो होतो, तिथून आत उतरला होता. हौद्याचा हौद झाला होता.

तेव्हा कुठे मला आठवलं, की हे ट्रेलर नदी ओलांडताना तरंगावेत म्हणून हौदा मुद्दाम जलाभेद्य बनवलेला असतो. होडीच ती. पण होडीत बाहेरचं पाणी येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही, म्हणून तळाला पाणी सोडायची दोन भोकं ठेवलेली असतात. बूच काढलं की झालं. दोन. गोल.

ड्रिल होतं. ते सगळ्यात खालच्या कप्प्यात होतं.

बायको शिडीच्या वरच्या पायरीवर बसून वही काढून हिशोब करत होती. ओसरी पाच चौरस मीटर, त्यावर पंचेचाळीस मिलीमीटर पाऊस पडला असं धरलं तर पाणी सव्वादोनशे लिटर. ‘‘म्हणजे २२५ किलो,’’ ती म्हणाली. ‘‘तुझे अजून दोन किलो शिल्लक आहेत. दुर्बीण आणता आली असती.’’

मी तव्याने पाणी उपसायला घेतलं. मध्ये दम खायला थांबलो तेव्हा फोटो काढून मेहुण्याला पाठवला, नुसता फोटो, एक अक्षर न लिहिता. त्याचं उत्तर लगेच आलं.

‘‘बघा दाजी, म्हटलं होतं ना? एक थेंब गळणार नाही.’’