लष्कर भागातल्या काकांना उत्तर: मी गूगलची तळी उचलली का?

काका, नमस्कार. गूगलच्या शोधात आपलं पान वरच्या क्रमांकावर कसं येईल, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. 'लेखन सुधारा म्हणजे क्रमांक सुधारेल, असं सांगणं म्हणजे गूगलची तळी उचलणं. ग्वाल्हेर घराण्यावरची माझी पानं गाडली गेली आणि ती जशीच्या तशी उचलणारा पहिल्या पानावर बसला,' असं तुम्ही लिहिलंत. माझा अनुभव मी सगळ्यांच्या माथी मारला, ही चूक कबूल. पण सगळंच मागे घेत नाही.

माझ्या साइटवर भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचं एक पान आहे. आईची कढई, कीस तुपावर किती परतायचा, दूध एकदम न ओतता थोडंथोडं का घालायचं, फोटोही माझेच. त्याच साइटवर इंदूरच्या खाऊगल्ल्यांबद्दल 'सराफा किती वाजता सुरू होतो', 'छप्पन दुकानवर काय खावं', 'इंदूरचे दहा पोहेवाले' अशी तीसेक पानं मी निव्वळ पाट्या टाकून भरली होती. चार साइट उघडायच्या आणि वाक्यं उलटीपालटी करायची. त्या दहांपैकी सहा पोहेवाल्यांकडे मी गेलेलेच नव्हते, आणि मी राहते इंदूरच्याच राजवाड्याजवळ! गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या बदलानंतर (त्याला अपडेट म्हणतात) सर्च कन्सोलमधली, म्हणजे शोधातून किती लोक साइटवर येतात हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनातली, रेघ धाडकन खाली आली. किसाचं पानही वाचलं नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसंच हे. गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये आणलेली 'हेल्पफुल कंटेंट' यंत्रणा सबंध साइटकडे बघायची; भरताड फार असलं की चांगली पानंही ओढली जायची. मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये ती मुख्य अल्गोरिदममध्येच, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या मूळ यंत्रणेतच, मिसळली. तो अपडेट पुरता पसरायला ४५ दिवस लागले. कल्पना काही नवी नव्हे. फेब्रुवारी २०११ च्या पांडा अपडेटने असल्याच भरताड साइटना हात घातला होता आणि अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले होते. (पांडा हे नाव अस्वलावरून नव्हे, नवनीत पांडा या इंजिनियरच्या आडनावावरून.)

आता तुमचं. 'त्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त गाणं कळतं का?' असं विचारलंत. गाणं त्याला कळतच नाही. पानावर काय लिहिलंय, कोण कुणाला लिंक देतं, शोधणाऱ्याचे शब्द कशाशी जुळतात, अशा खुणांवरून ते अंदाज बांधतं. गूगल माणसांकडूनही निकाल तपासून घेतं आणि त्यांच्या निकषांत डिसेंबर २०२२ पासून 'प्रत्यक्ष अनुभव' हाही आला. पण त्यांनी दिलेल्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रमांक थेट बदलत नाही. अल्गोरिदम बरा चाललाय का, एवढंच त्यातून पाहतात.

तुमचं बंदिशींचं पान मी उघडलं. लिहिणारा कोण, कुणाकडे शिकला, हे कुठेच नाही. तुमची तालीम तुम्ही प्रतिक्रियेत सांगितलीत, पानावर नाही! नाव घातलं की क्रमांक चढेल, असं मी म्हणत नाही. पण परक्या वाचकाला तुमचं पान आणि चोराचं पान यांत फरक काय दिसणार?

चोरी हा मात्र वेगळा मामला, आणि तिथे तुमचा राग रास्त आहे. मूळ कुणाचं हे यंत्र दर वेळी ओळखतंच असं नाही. त्यासाठी अपडेटची वाट बघू नका, गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करा. तक्रार ग्राह्य धरली की चोरलेलं पान निकालांतून निघतं, आणि अशा ग्राह्य तक्रारी साचलेल्या साइटला २०१२ पासून क्रमवारीतही फटका बसतो. छोट्या साइटवर अन्याय होतो म्हणालात, तेही निराधार नाही: ऑगस्ट २०२४ च्या अपडेटच्या वेळी, छोट्या स्वतंत्र साइटवाल्यांच्या तक्रारी ध्यानात घेतल्याचं खुद्द गूगलनेच सांगितलं होतं.

मी बावीस पानं उडवली. पोह्यांचं ठेवलं, पण सकाळी सकाळी हिंडून, खाऊन नव्याने लिहिलं. किसाचं पान अजून जुन्या जागी आलेलं नाही. तुमच्या पानांच्या आणि त्या चोराच्या पानांच्या लिंका समोरासमोर लिहून पाठवा. रविवारी फोनवर बसून तक्रारीचा फॉर्म भरू.