व्हॅलेन्सियाचा प्याला: काय सिद्ध झालं आणि काय नाही

‘स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमधला प्याला येशूच्या शेवटच्या भोजनातलाच आहे, दोन हजार वर्षं जुना असल्याचं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, पोपनीही मान्य केलंय’, असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं बरंच तपासता येतं.

‘दोन हजार वर्षं जुना.’ अख्खा प्याला नाही. सुमारे १७ सेंटीमीटर उंचीची ही वस्तू तीन तुकडे जोडून केलेली आहे. वर अकीक दगडाची वाटी, मध्ये दोन कानांचा सोन्याचा दांडा, खाली बैठक म्हणून उपडं घातलेलं दुसरंच दगडी भांडं. त्या खालच्या भांड्यावर अरबी अक्षरं कोरलेली आहेत. दांडा आणि मोत्यांचं जडावकाम मध्ययुगातलं. जुनी आहे ती फक्त वरची वाटी.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.’ पुरातत्त्वज्ञ आंतोनियो बेल्त्रान यांनी १९६० मध्ये प्याला सुटा करून तपासला. वाटी पूर्वेकडची, इसवी सनाच्या आगेमागे घडवलेली, असा त्यांचा निष्कर्ष. तो घाट आणि कारागिरीवरून काढलेला आहे. कार्बन पद्धतीने दगडाचं वय निघतच नाही. आणि काळ मान्य केला तरी त्या काळी अकिकाची वाटी काही एकच नव्हती. वाटी कधी घडली हे दगड सांगेल, तिच्यातून कोण प्यायलं हे कसं सांगणार? त्यासाठी कागद लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. रोमच्या चर्चमधला धर्मसेवक संत लॉरेन्स याने २५८ साली प्याला रोमहून स्पेनला धाडला, अशी परंपरा. पण या दगडी प्याल्याचा पहिला भरवशाचा लेख १३९९ चा, स्पेनमधल्या आरागॉन राज्याच्या मार्तिन राजाने तो सान हुआन दे ला पेन्या मठातून घेतला तेव्हाचा. मधली अकराशे वर्षं कोरी. शुभवर्तमानांतही, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतही, प्याला कशाचा होता, पुढे कुठे गेला, याबद्दल एक अक्षर नाही.

‘पोपनी मान्य केलं.’ १९८२ मध्ये जॉन पॉल दुसरे आणि २००६ मध्ये बेनेडिक्ट सोळावे यांनी तो मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीत, वापरला, हे खरं. त्यातून आदर दिसतो. तो अस्सल असल्याचा निर्णय चर्चने दिलेला नाही.

शिवाय दावेदार अनेक आहेत. स्पेनमध्येच लिओन शहरात राजकन्या उर्राकाचा प्याला आहे. इटलीतल्या जिनोआत शेवटच्या भोजनातलं म्हणून पुजलेलं हिरवं षटकोनी पात्र पाचूचं मानत. नेपोलियनच्या काळात पॅरिसला गेलं, १८१६ मध्ये फुटून परत आलं आणि काचेचं निघालं.