जॉबकार्डवर नेमकी तक्रार लिहून घ्या

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला सहसा 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी असते, त्यामुळे काळजी नको, असं या गाड्यांवरच्या लेखात म्हटलंय. कागदावर खरं आहे. आमच्या गाडीचा चार्ज विशीत आला की एकदम 6 टक्क्यांवर आदळायचा आणि डॅशबोर्डवर कासव, म्हणजे ताकद कमी केल्याची खूण, उगवायचं. सर्व्हिस सेंटरवाले फॉल्ट कोड पुसायचे, सॉफ्टवेअर अपडेट मारायचे, जॉबकार्डवर 'जनरल चेकअप' लिहून मोकळे! म्हणजे तक्रारीची नोंदच नाही.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत चार्जचा आकडा चुकतो, अधूनमधून 100 टक्के चार्ज करा, हा त्यांचा सल्ला तसा रास्तच. पण ते करूनही फरक पडला नाही तर एखादा सेल कमजोर असण्याची शक्यता मोठी. सेल एकामागोमाग एक जोडलेले, त्यामुळे सगळ्यात दुबळा बसला की अख्खी गाडी बसते. मधल्या चार्जवर तपासलं तर सगळे सेल शहाण्यासारखे वागतात. गाडी 15-20 टक्क्यांवर असतानाच सेल व्होल्टेजचा फरक मोजायला लावा. 'क्षमता 70 टक्क्यांच्या वर आहे, क्लेम बसत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. क्षमता घटणं वेगळं, सेल बिघडणं वेगळं.

व्हिडिओसकट ईमेल आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर आमची चक्रं फिरली. पूर्ण बॅटरी पॅक नाही, त्यातलं एक मॉड्यूल (सेलचा एक गट) बदललं. नव्या मॉड्यूलची वॉरंटी कधीपासून धरणार, तेही लेखी घ्या. आमच्याकडे जुनीच पुढे चालू म्हणतात.