बाळंतिणीचा दीड महिना

बाळंतिणीसाठी तयार मिळणाऱ्या आयुर्वेदिक संचांच्या जाहिराती आता आमच्या तालुक्याच्या गावीही औषधाच्या दुकानांवर दिसू लागल्या आहेत. दशमूलारिष्ट, शतावरी कल्प, मालिशचे तेल, डिंकाचे लाडू, सगळे एकाच खोक्यात. या वस्तूंविषयी माझी तक्रार नाही, पण ज्या शास्त्राच्या नावाने त्या विकल्या जातात त्याने सांगितलेली पहिली गोष्ट त्या खोक्यात नाही, आणि ती म्हणजे विश्रांती.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात सूतिकाकाळ, म्हणजे बाळंतिणीने जपण्याचा काळ, दीड महिन्याचा सांगितला आहे, काहींच्या मते पाळी पुन्हा येईपर्यंतचा. काश्यपसंहिता तर तो सहा महिन्यांपर्यंत नेते. तेलाचे अभ्यंग, पोट कापडाने बांधणे, भूक पाहून आधी तूप घातलेली पेज आणि मग हळूहळू जड अन्न, हे सारे आहेच, पण त्याच्या बरोबरीने श्रम, क्रोध आणि मैथुन वर्ज्य करायला सांगितले आहे. आमच्याकडे यातले लाडू आणि मालिश टिकले, श्रम मात्र सुटले नाहीत.

मागच्या हंगामात कापूस वेचणीला आमच्या शिवारात एक सून बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यातच आली होती. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत बाळ, कमरेला वेचणीची ओटी. मजुरी किलोवर मिळत असल्याने बाळ रडले तरी ती हातातली कपाशीची ओळ संपवूनच उठत असे. सासूने केलेला डिंकाचा लाडू भाकरीसोबत फडक्यात बांधलेला असायचा. त्या घराने शक्य होते ते सगळे केले होते. नव्हती ती फक्त दीड महिन्याची मजुरी. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजूर बाईला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई हाच या पैशांचा हेतू असेल, तर ते बाज सोडण्याआधी हातात पडले पाहिजेत.

परंपरेतले सगळेच जपावे, असे मी म्हणणार नाही. दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर विषारी वायूने माय-लेकरू दोघांच्याही जिवाला धोका होतो. पोट सुटेल म्हणून पाणी तोडणे चूक आहे, कारण दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागते. पहिला चीक बाळाला द्यायलाच हवा, आणि सहा महिन्यांपर्यंत घुटी नको, मध तर वर्षभर नको. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे आणि त्यातही रक्त कमी होते, त्यामुळे अंगात रक्त कमी दिसले की स्वतःच्या मनाने लोहभस्म सुरू न करता आधी तपासणी करून घ्यावी. अति रक्तस्राव, थंडी वाजून ताप, घाण वासाचा स्राव, झटके किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांवर काढा देत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. हे दिवस जवळपास सुश्रुताच्या दीड महिन्याइतकेच आहेत. त्या भेटींच्या वेळी नवऱ्याने आणि सासऱ्यानेही समोर बसावे, कारण पाणी कोण भरणार, सरपण कोण आणणार आणि वेचणीला बाळंतिणीऐवजी कोण जाणार, हे त्यांनाच ठरवायचे असते.