‘गोइंग होम’ द्वोर्झाकने चोरलेलं नाही

आमच्या मावशीने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज थेट भाच्याला पाठवला. तो व्हायोलिन शिकतो. लगेच त्याचा प्रश्न, “मामा, हे सगळे चोर होते?” मेसेज म्हणतो: युरोपातल्या सगळ्या सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या दीर्घ रचना, खेड्यापाड्यांतल्या गाण्यांवर डल्ला मारून बनल्या, चेक संगीतकार द्वोर्झाकने आपल्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीमध्ये अमेरिकेतल्या गुलामांचं ‘गोइंग होम’ हे गाणं उचललं, रशियन संगीतकार चायकॉव्स्कीने लोकगीतं वापरली आणि लपवली.

‘न्यू वर्ल्ड’ 16 डिसेंबर 1893 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा सादर झाली. तिच्या लार्गो या संथ भागात कॉर आंग्ले या फुंकून वाजवायच्या वाद्यावर येणारी ती संथ चाल द्वोर्झाकची स्वतःची आहे. तिच्यावर ‘गोइंग होम’चे शब्द बसवले त्याच्याच विद्यार्थ्याने, विल्यम आर्म्स फिशरने, 1922 मध्ये. द्वोर्झाक 1904 मध्येच गेला होता. मेलेल्या माणसाने चोरी केली कधी? गाणं पुढे इतकं रुळलं की लोकांना ते जुनं स्पिरिच्युअल, म्हणजे कृष्णवर्णीय गुलामांचं भक्तिगीत, वाटू लागलं, एवढंच. पहिल्या सादरीकरणाच्या आदल्याच दिवशीच्या ‘न्यूयॉर्क हेराल्ड’मध्ये अमेरिकी मूलनिवासींच्या संगीताबद्दल द्वोर्झाकने सांगितलं होतं की, त्यातली एकही चाल घेतलेली नाही, त्याची वैशिष्ट्यं घेऊन चाली मीच रचल्या.

मेसेजमधली सगळ्यात चीड आणणारी ओळ वेगळीच: ‘त्या बिचाऱ्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.’ एक तरी ठाऊक आहे हो. हॅरी बर्ली. द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या ज्या कॉन्झर्वेटरीचा, म्हणजे संगीत विद्यालयाचा, संचालक होता, तिथला कृष्णवर्णीय विद्यार्थी. गुलामीत जन्मलेल्या आजोबांकडून ऐकलेली गाणी तो द्वोर्झाकला गाऊन दाखवायचा. पुढे स्पिरिच्युअल्सना पियानोची साथ देऊन मैफलीत नेणाऱ्यांत तो अग्रणी ठरला. अमेरिकेचं संगीत याच गाण्यांवर उभं राहायला हवं, हे द्वोर्झाकने मे 1893 मध्येच वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं होतं. चोर असा गाजावाजा करतो का? मेसेजवाल्याला गुलामांचा कळवळा भारी, पण बर्लीचं नाव शोधायला त्याला दोन मिनिटं मिळाली नाहीत.

बरं, पहिल्या भागातली बासरीची चाल ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ या स्पिरिच्युअलची आठवण करून देते, हे मान्य. तेवढ्यावरून ‘सगळ्या सिम्फनी’? द्वोर्झाकच्याच सहाव्या सिम्फनीतला फुरियांट ऐका. ठेका बोहेमियातल्या नाचाचा, चाल त्याची. ठेका घेणं आणि चाल उचलणं यांतला फरक लावणी ऐकणाऱ्यालाही कळतो.

चायकॉव्स्कीने मात्र लोकगीतं घेतलीच. चौथ्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात बर्च झाडाचं रशियन गाणं आहे, दुसरीत युक्रेनी गाणी. पण लपवली? दुसरी गाजली तेव्हा त्याने गंमतीने पत्रात लिहिलं की खरा रचनाकार प्योत्र गेरासिमोविच; म्हणजे बहिणीच्या सासरचा म्हातारा नोकर, जो त्याला त्यातलं ‘झुरावेल’ हे गाणं ऐकवत असे. लपवायचंच होतं, तर नोकराचं नाव कशाला घेतलं असतं?