सुई रक्त काढते, घालत नाही: ‘धातूच्या बारकोड’वाल्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या आत्याने परवा एचबीएवनसीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, तपासणी रद्द केली. रक्त न्यायला आलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवलं. आत्या जुनी मधुमेही, त्यामुळे गप्प बसवेना. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा मेसेज. तो म्हणतो: रक्त तपासायच्या नावाखाली सोन्याचांदीचे सूक्ष्म बारकोड अंगात सोडतात, त्यातून प्रत्येक माणसाला नंबर मिळतो, तो नंबर मोबाइल टॉवर वाचतो, म्हणून दंडाला लोहचुंबक चिकटतो, आणि ‘अमेरिकेतल्या विद्यापीठाने हे २००१ सालीच कबूल केलंय’. शेवटी उपाय, कोथिंबिरीचा रस.

आधी ते विद्यापीठ. असे कण आहेत, हे खरं आहे. मान्य. पेन स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर निबंध छापला. सगळ्या जगासमोर कृतीसकट छापलेल्या गोष्टीला ‘कबुली’ म्हणायचं असेल तर पाककृतीचं प्रत्येक पुस्तक कबुलीजबाब ठरेल. मेसेज लिहिणाऱ्याने निबंधाचा नुसता सारांश वाचला असता, तरी पुढचं सगळं लिहायची लाज वाटली असती.

त्यात आहे ते असं. बारीक छिद्रांची एक चकती घ्यायची. विजेच्या साहाय्याने त्या छिद्रांत आधी सोन्याचा थर बसवायचा, मग चांदीचा, पुन्हा सोन्याचा. मग चकती विरघळवून टाकायची. हाती येतात पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या, लांबीला काही मायक्रोमीटर, म्हणजे साधारण आपल्या तांबड्या पेशीएवढ्या. निळ्या प्रकाशात चांदीची पट्टी चकाकते, सोन्याची मंद दिसते. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली हा पट्ट्यांचा क्रम वाचता येतो. प्रत्येक क्रमाच्या काड्यांवर वेगळी अँटिबॉडी (ठरावीक पदार्थालाच पकडणारं प्रथिन) किंवा डीएनएचा वेगळा तुकडा चिकटवायचा, सगळ्या काड्या एकाच नळीत नमुन्याबरोबर मिसळायच्या. नमुन्यातला पदार्थ आपापल्या काडीला चिकटतो आणि त्यावर चमकणारा रंग चढवतात. पट्टे सांगतात काय सापडलं, चमक सांगते किती. २००६ साली अमेरिकेतल्याच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने अशा काड्यांनी जिवाणू, विषाणू आणि प्रथिन एकाच वेळी ओळखून दाखवलं. थोडक्यात, बारकोड माणसाचा नव्हेच, चाचणीचा आहे.

आता ‘प्रत्येक माणसाला नंबर’. हा मुद्दा वाचून मी अक्षरशः कपाळाला हात लावला. दोन धातू आणि तेरा पट्टे धरा. क्रम होतात ८१९२. पण द्रवात तरंगणाऱ्या काडीला डोकं-शेपूट नसतं, ती कुठूनही वाचली जाते, त्यामुळे उलटसुलट सारखे क्रम वगळले की उरतात ४१६०. आमच्या वॉर्डातल्या मतदारांनाही पुरणार नाहीत! धातू वाढवले तर क्रम वाढतील, हे कबूल. पण खरी गंमत पुढेच आहे. चकतीच्या सगळ्या छिद्रांत एकाच वेळी तेच थर बसतात, म्हणजे एका खेपेत एकाच क्रमाच्या कोट्यवधी काड्या तयार होतात. प्रत्येक माणसासाठी वेगळी चकती आणि वेगळी खेप? शंभर कोटींच्या वर लोकांसाठी? आधार कार्डाच्या रांगेत उभे राहिलेल्यांनी तरी यावर विश्वास ठेवू नये.

मुळात रक्त देताना सुई रक्त बाहेर काढते. जांभळ्या बुचाच्या नळीत जातं ते रक्त परत अंगात येत नाही. नळीत आधीपासून ईडीटीए असतं, ते रक्त गोठू नये म्हणून. आणि नळीवर जो काळ्या रेघांचा कागद चिकटवलेला असतो, तो नमुन्याची अदलाबदल होऊ नये म्हणून. बारकोड म्हणायचाच असेल तर तो एवढाच, तोही नळीच्या बाहेरून. एचबीएवनसी बऱ्याच लॅबमध्ये एचपीएलसी या, रक्तातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होतं, त्यात या काड्यांचं काही कामच नाही.

टॉवरचं काय? काडीत ना बॅटरी, ना चिप. तिचे पट्टे वाचायला ती भिंगाखाली, प्रकाशात असावी लागते. रस्त्यावरच्या टॉवरला तुमच्या कातडीआडचं काही दिसत नाही.

लोहचुंबक सोन्याला चिकटत नाही, चांदीलाही नाही. सोनाराला विचारा. दंडाला लोहचुंबक काय, चमचाही चिकटतो, तो घामाने. पावडर लावून बघा.

थोडं खरं तेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी तेच घेऊन येईल. कोविडच्या रॅपिड किटवर किंवा गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बरेचदा सोन्याच्या सूक्ष्म कणांचीच असते. कोव्हॅक्सिनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षारही होता, पण त्याचं काम प्रतिकारशक्तीला चेतवण्याचं, नंबर देण्याचं नव्हे.

कोथिंबिरीचा रस आवडत असेल तर खुशाल प्या. अंगातून धातू खरोखर काढायची वेळ येते ती शिशाच्या विषबाधेसारख्या प्रसंगी. तेव्हा डॉक्टर औषध देतात, आणि शिसं किती आहे हे ठरवायला आधी रक्तच तपासतात.